खलित्यांचा सुकाळ

उत्तर पेशवाईवरची हल्लीची कादंबरी उघडावी, तर तळघरात एक गुप्त खलिता सापडतोच. म्हातारा कारकून मरताना अर्धेच नाव घेतो आणि शेवटच्या प्रकरणात तो कागद सगळे कोडे सोडवून टाकतो. कागद अस्सल की बनावट, ही शंका ना नायकाला येते, ना लेखकाला.

नारायणराव पेशव्यांच्या खुनातला ‘ध’चा ‘मा’ केलेला हुकूमही कोणी पाहिलेला नाही. तरी खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त लक्षात राहतो तो रामशास्त्र्यांचा निवाडा. ‘स्वामी’च्या वळणाच्या हळव्या नकलांवर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. शिवकालावरचे जाडजूड ठोकळे लग्नात आहेर म्हणून बरे.

नंदा खरे यांची गोष्ट वेगळी. 1997ची ‘अंताजीची बखर’ हा उघडउघड रचलेला दस्तऐवज आहे. अंताजी तिरकस, स्वार्थी, बेरकी. त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा हे आपले आपण ठरवायचे. बखरींवर आंधळा भरवसा ठेवू नका, हे इतिहासकार राजवाड्यांनी प्रस्तावनांतून कानीकपाळी ओरडून सांगितले. खऱ्यांनी त्या संशयातूनच कादंबरी उभी केली. ‘बखर अंतकाळाची’ हा तिचा पुढचा भाग. त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही, कारण तिथे अभ्यास लागतो.

खर्ड्याच्या लढाईचेच घ्या. 11 मार्च 1795ला मराठ्यांपुढे निजामाची फौज हटली, निजामअली खर्ड्याच्या गढीत कोंडला गेला आणि तहात दौलताबादेसह मुलूख, कोट्यवधींची खंडणी आणि खुद्द दिवाण मुशीरुल्मुल्क देऊन सुटला. आठ महिन्यांच्या आत सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात पडून गेले. अपघात की आत्महत्या, हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणजे खलितेवाल्यांना रान मोकळे!

पण मिरजेचे शाळामास्तर वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून काढलेला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या कादंबरीकारांतले किती जण उघडतात? त्या पत्रांतली माणसे पगार, दाणावैरण आणि रुसवेफुगवे यांतच बुडालेली असतात. मोडी पत्राच्या तारखेतले ‘छ’ म्हणजे चंद्र, मग मुसलमानी महिना. तो सुहूर सनाशी, म्हणजे पत्रातल्या वर्षाशी, जुळला नाही, की कागदावर बोट ठेवता येते. शिक्का, मोर्तब, हस्ताक्षर, कागदाचा पोत, प्रत्येक ठिकाणी उलटतपासणी. याहून चुरशीचा प्रसंग कोणत्या तळघरात मिळणार?

‘कादंबरीकाराला स्वातंत्र्य नको का?’ असे विचारतील. हवे ना! पण बनावट कागद रचून वर ‘संशोधनावर आधारित’ अशी पाटी लावणे हे स्वातंत्र्य नव्हे, ही लबाडी आहे. प्रकाशकांनी ही पुस्तके ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या फळीवरून उचलून रहस्यकथांत ठेवावीत. तिथे बाबूराव अर्नाळकर आधीपासून बसलेले आहेत, आणि ते अधिक वाचनीय आहेत.