'पैगंबरवासी' कोण? मराठीतील मरणाच्या शब्दांविषयी

मराठी वृत्तपत्रांत हिंदू माणूस वारला की तो कैलासवासी किंवा वैकुंठवासी होतो, ख्रिस्ती माणूस ख्रिस्तवासी होतो आणि मुसलमान 'पैगंबरवासी' होतो. हा शब्द इतका रुळला आहे की आमच्याच समाजातील लेखक श्रद्धांजलीच्या लेखात तो बिनदिक्कत वापरतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. सांत्वनपर पत्र लिहिताना मुलेही हाच शब्द लिहितात, कारण छापील मराठीत त्यांना तोच भेटतो. शब्द चांगल्या हेतूने घडला यात शंका नाही. पण त्यामागील मरणाची कल्पना कोणाची, हा प्रश्न समीक्षेने विचारायलाच हवा.

कैलास आणि वैकुंठ ही देवांची स्थाने आहेत. भक्त मरणानंतर तेथे राहायला जातो, अशी ती श्रद्धा. त्याच साच्यात 'पैगंबर' बसवला की पैगंबर हे देवाचे स्थान घेतात, आणि इस्लामला नेमके हेच मान्य नाही. मुसलमान मृताला 'मर्हूम' म्हणतो, म्हणजे ज्याच्यावर रहम झाला तो. 'इंतकाल' म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. मृत्यूची बातमी कानी पडताच तो जे उच्चारतो, त्याचा गाभाही अल्लाहकडे परत जाणे हाच असतो. कबर हे शेवटचे घर नाही, कयामतपर्यंतचा मुक्काम आहे. पुनर्जन्म मानणारा आणि आखिरत मानणारा, या दोघांची मरणाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी आहे. एका शब्दाने ती एक होत नाही.

म्हणून परक्या परंपरेचे शब्द टाळावेत, असे मात्र आम्हांस म्हणायचे नाही. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द घेतला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' वारकऱ्यांच्या भाषेत रचला. दोघांनीही शब्द घेतले ते त्यांत आपला अर्थ भरण्यासाठी. उलट दिशेनेही शब्द आले आहेत. अरबीतला 'मय्यत' मराठीत 'मयत' झाला आणि तलाठ्याच्या दप्तरात सर्व धर्मांचे खातेदार 'मयत' होतात. त्यांच्या मागे राहणारे 'वारस'ही अरबीतूनच आले. 'देवाज्ञा झाली' हा अस्सल मराठी प्रयोग तर मुसलमानाच्या मनाला सर्वांत जवळचा आहे, कारण त्यात स्थान नाही, फक्त हुकूम आहे. 'पैगंबरवासी'पेक्षा तो शतपटीने खरा.

दलित साहित्याने याबाबत अधिक जागरूकता दाखवली. 6 डिसेंबर 1956 नंतर बाबासाहेबांसाठी 'महापरिनिर्वाण' हा शब्द रूढ झाला आणि त्याबरोबर मरणाकडे पाहण्याची बौद्ध दृष्टीही मराठीत आली. अण्णाभाऊ साठे यांनी 'स्मशानातील सोनं' या कथेत आणखी पुढचे पाऊल टाकले. खाणीतले काम गेलेला भीमा चितेची राख चाळतो आणि पुरलेली प्रेतेही उकरतो. भुकेपुढे मृताचा धर्म उरत नाही, हे अण्णाभाऊंनी एकही व्याख्यान न देता दाखवले.

1990 साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण अस्मितेबद्दल पुष्कळ बोललो. पण आपल्या कथांमधले मरण अजून बऱ्याचदा दोन ओळींत उरकते. 'जनाजा निघाला' म्हटले की प्रसंग संपला! जांभ्या दगडात, आषाढाच्या पावसात, पाणी भरणारी कबर खणणारे हात त्यात दिसत नाहीत. मयताला गुस्ल देताना एरवी अबोला धरलेले भाऊ एकत्र येतात, तेही दिसत नाही. जनाज्याच्या नमाजेत रुकू नाही, सजदा नाही, माणूस केवळ उभा राहतो. या उभे राहण्यात केवढे नाट्य आहे!

याच चिपळूण तालुक्यातील मिरजोळीचे हमीद दलवाई हे या चर्चेतले सर्वांत कठीण उदाहरण. त्यांच्या 'इंधन' (1965) कादंबरीचा नायक हृदयविकारानंतर विश्रांतीसाठी गावी परततो. म्हणजे मरण पहिल्या पानापासून त्याच्या सोबत आहे. 3 मे 1977 रोजी दलवाई स्वतः वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन झाले, कोणत्याही धार्मिक विधीशिवाय. समाजाला याचा धक्का बसला. जिथे देह मातीच्या स्वाधीन करणे हे जिवंतांवरचे कर्तव्य मानले जाते, तिथे तो बसणारच. त्यांना ना पैगंबरवासी म्हणता येते, ना कैलासवासी. मराठीतले सगळे शब्द त्यांच्यापुढे थिटे पडतात.

आम्ही दफनाची परंपरा मानणारे आहोत. तरीही त्यांच्या आखिरतीचा निवाडा करणे हे समीक्षेचे काम नव्हे, आणि आमच्या मते मोमिनाचेही नव्हे. तो अधिकार ज्याचा त्याच्याकडे. साहित्याचे काम निराळे आहे. असा निर्णय झालेल्या घरात आईला काय वाटले असेल, मोहल्ल्यात कोण दार लावून बसले आणि कोण रात्री गुपचूप भेटून गेले, ही कथा कोणीतरी लिहायला हवी. दलवाईंवर टीका करणाऱ्यांनी ती लिहिली नाही आणि त्यांचा गौरव करणाऱ्यांनीही नाही. दोघांनाही त्यांच्या मरणातून आपापला मुद्दा हवा होता. माणसे कोणालाच नको होती.

तेव्हा आमची नव्या लेखकांना विनंती एवढीच. 'मर्हूम' लिहा, 'मयत' लिहा, 'वारले' लिहा, 'देवाज्ञा झाली' लिहा; पण तो शब्द आपल्या माणसाच्या विश्वासाशी एकदा ताडून पाहा. जो समाज आपल्या मृतांना उसन्या नावाने हाक मारतो, त्याच्या जिवंतांची ओळखही इतरेजनच ठरवतात.