ज्याची जागा त्याच्या हाती

लिनक्सवर प्रोग्राम कुठं बसवावा, हे सांगणारा 'फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड' हा दस्तऐवज वरवर पाहता फोल्डरांची जंत्री वाटतो. त्याचं मूळ रूप १९९४ च्या फेब्रुवारीत आलं, तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशननं काढली. सावकाश वाचला की त्यातला खरा विषय कळतो: कोणाच्या जागेत कोणी हात घालायचा.

सुरुवातीलाच तो फायलींना दोन प्रश्न विचारतो. ही फाइल अनेक यंत्रांत वाटून घेता येईल का? आणि ती आपोआप बदलते की स्थिर राहते? एवढ्या दोन प्रश्नांवर पुढची सगळी रचना उभी आहे. नियम थोडक्यात सांगायचा आणि गरज असेल तिथं त्यामागचं कारणही द्यायचं, ही त्याची शैली. त्यामुळे हुकूम ऐकल्यासारखं न वाटता समजावून घेतल्यासारखं वाटतं.

समजा, अकोल्याच्या बाजार समितीतल्या अडत्यांसाठी कुणी तूर-सोयाबीनच्या हिशेबपट्टीचा प्रोग्राम लिहिला. तो कुठं बसवायचा? '/यूएसआर' हा वितरणाचा, म्हणजे डेबियन किंवा फेडोराचा प्रदेश. मोठ्या पॅकेजनं तिथं थेट आपलं फोल्डर थाटायचं नाही. यंत्र सांभाळणाऱ्यानं स्वतः बसवलेल्या गोष्टींसाठी '/यूएसआर/लोकल' आहे. प्रणाली अद्ययावत झाली तरी तिथलं पुसलं जाता कामा नये. बाहेरून आलेल्या स्वयंपूर्ण पॅकेजसाठी '/ऑप्ट': स्थिर फायली तिथं, सेटिंग '/ईटीसी/ऑप्ट'मध्ये, बदलता डेटा '/व्हार/ऑप्ट'मध्ये. म्हणजे अडत्याच्या पट्ट्या प्रोग्रामपासून वेगळ्या राहतात आणि नवी आवृत्ती बसवताना त्यांना धक्का लागत नाही.

'/ऑप्ट'चं प्रकरण मला सर्वांत सुंदर वाटतं. वितरणानं तिथं सॉफ्टवेअर ठेवायला हरकत नाही, पण स्थानिक व्यवस्थापकानं बसवलेलं त्याच्या संमतीशिवाय बदलू वा काढू नये, असं ते बजावतं. वर्‍हाडात वावराच्या धुऱ्याला जो मान, तो इथं फोल्डरच्या हद्दीला आहे. जगभर पसरलेल्या वितरणानं अकोल्यातल्या एका यंत्राच्या राखणदाराला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, ही तांत्रिक नियमात उतरलेली सभ्यता आहे.

'/होम'बद्दलही तीच नजर. वापरकर्त्याचं घर अमुकच ठिकाणी असेल असं कोणत्याही प्रोग्रामनं गृहीत धरू नये. अमरावतीतल्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांची घरं एका मध्यवर्ती सर्व्हरवर असतील, तर ज्या प्रोग्रामनं पत्ता पक्का लिहून ठेवला तो तिथंच अडखळेल.

वाटपाचा गुंता मात्र हा दस्तऐवज एकटा सोडवू शकत नाही. उबंटूला डेब पॅकेज हवं, फेडोराला आरपीएम. पुढं आलेलं फ्लॅटपॅक समाईक रनटाइमचा आधार घेतं, बाकीच्या लायब्रऱ्या प्रोग्रामसोबत बांधून देतं. म्हणून एकच पॅकेज अनेक वितरणांवर चालतं. ते सगळ्या यंत्रासाठी बसवता येतं, किंवा व्यवस्थापकाचा पासवर्ड नसलेल्या विद्यार्थ्याला फक्त स्वतःच्या घरातही. साधन नवं असलं तरी यंत्राचं वेगळं आणि माणसाचं वेगळं, हा भेद त्यानंही पाळला आहे.

म्हणून वर्‍हाडातल्या ज्या मुलामुलींना आपलं सॉफ्टवेअर लोकांच्या हाती द्यायचं आहे, त्यांनी बसवण्याची पहिली स्क्रिप्ट लिहिण्याआधी '/ऑप्ट'चं छोटंसं प्रकरण वाचावं. दुसऱ्याच्या यंत्रावर पाहुण्यासारखं कसं वागायचं, हे इतक्या नेमकेपणानं सांगणारं तांत्रिक लेखन माझ्या वाचनात दुसरं नाही.