कार्नोचा प्रपात आणि तापमानाचे माप

सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याचा ‘अग्नीच्या प्रेरक शक्तीविषयी विचार’ हा ११८ पृष्ठांचा ग्रंथ १८२४ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. त्या वेळी ग्रंथकाराचे वय २८ वर्षांचे होते. पुढे आठच वर्षांनी, १८३२ मध्ये, पटकीच्या साथीत त्याचे निधन झाले. उष्णताशास्त्राच्या इतिहासात या ग्रंथाचे स्थान विलक्षण आहे. ज्या उपपत्तीवर तो उभा आहे ती चुकीची ठरली. त्यातील मुख्य सिद्धांत मात्र अबाधित राहिला. अशा ग्रंथाचे मूल्यमापन कसे करावे, हा केवळ इतिहासाचा प्रश्न नव्हे. तापमान या कल्पनेचा अर्थच त्याच्याशी निगडित आहे.

कार्नोच्या काळी उष्णता हे एक अविनाशी, वजनरहित द्रव्य मानले जाई व त्यास कॅलरिक म्हणत. वाफेच्या यंत्रात हे द्रव्य बॉयलरमधून निघून थंड भागात पोहोचते, आणि उंचावरून पडणारे पाणी ज्याप्रमाणे चाक फिरविते त्याप्रमाणे उच्च तापमानाकडून नीच तापमानाकडे जाणारे कॅलरिक कार्य घडविते, अशी कार्नोची मांडणी आहे. या दृष्टांतातून त्याने दोन महत्त्वाचे निष्कर्ष काढले. केवळ उष्णता असून भागत नाही, तापमानाचा फरक असावा लागतो, हा पहिला. भिन्न तापमानांच्या वस्तूंचा प्रत्यक्ष स्पर्श होऊन उष्णता नुसतीच वाहून गेली, तर तेवढी कार्यशक्ती वाया गेली, हा दुसरा. म्हणून आदर्श यंत्रात असा स्पर्श कोठेही होता कामा नये, आणि ते उलट क्रमानेही चालविता आले पाहिजे. त्याच दोन तापमानांमध्ये याहून सरस यंत्र संभवते असे मानल्यास, दोहोंच्या जोडणीतून काहीही खर्च न होता अखंड कार्य मिळू लागेल. ते अशक्य आहे. सबब वाफ, हवा वा मद्यार्क यांपैकी कोणताही पदार्थ वापरला तरी कार्याची कमाल मर्यादा एकच राहते.

दृष्टांत उपयुक्त असतो तो त्याची मर्यादा ओळखली असेल तर. कार्नोचे श्रेष्ठत्व येथे दिसते. पाण्याच्या बाबतीत कार्य हे उंचीच्या प्रमाणात असते. कॅलरिकच्या बाबतीत ते तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात असेलच असे नाही, हे तो स्पष्टपणे नमूद करतो. १०० अंशांवरून ५० अंशांपर्यंतचा प्रपात आणि ५० अंशांवरून शून्यापर्यंतचा प्रपात यांतून सारखेच कार्य मिळते काय, हा प्रश्न तो उपस्थित करतो, आणि खालच्या अंशांत अधिक कार्य मिळते या निर्णयाप्रत येतो. आजचा हिशेबही त्याच दिशेचा आहे. १००० एकक उष्णता पुरविली असता पहिल्या प्रपातातून फार तर १३४ एककांइतके कार्य निघते, दुसऱ्यातून १५५ एककांइतके.

वरवर पाहता गौण वाटणारा हा प्रश्नच ग्रंथाचे खरे बीज होय. तापमापकाचा अंश तोवर पदार्थाच्या प्रसरणावर अवलंबून होता. पारा व मद्यार्क यांचे तापमापक शून्य व शंभर अंशांवर जुळविले, तरी मधल्या अंशांवर त्यांचे एकमत होत नाही. मग खरा अंश कोणाचा? विल्यम टॉमसन याने १८४८ मध्ये कार्नोचा प्रश्न उलटा करून उत्तर दिले. ज्या अंशांच्या प्रत्येक पायरीवर समान उष्णतेच्या प्रपातातून समान कार्य मिळते, ते अंश समान मानावेत, अशी ती व्याख्या होती. १८४५ मध्ये पॅरिसमध्ये शोधूनही टॉमसनला मूळ ग्रंथ मिळाला नव्हता. क्लापेरॉनच्या १८३४ मधील विवेचनावरून त्याने तो सिद्धांत जाणला होता. कोणत्याही पदार्थावर न विसंबणारे तापमानाचे माप अशा रीतीने प्रथम मांडले गेले.

ग्रंथातील दोषही तितकाच ठळक आहे. बॉयलरमधून निघालेली सर्व उष्णता थंड भागात जशीच्या तशी पोहोचते, असे कार्नो गृहीत धरतो. जूलच्या प्रयोगांनी कार्य व उष्णता यांचे परस्पर रूपांतर सिद्ध केले आणि हे गृहीत कोसळले. १८५० मध्ये क्लाउझियुसने सिद्धांत राखून त्याचा आधार बदलला. उष्णता आपोआप थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही, हे तत्त्व त्याने अविनाशी कॅलरिकच्या जागी आणले. टॉमसननेही १८५४ मध्ये आपली व्याख्या सुधारली. घेतलेली उष्णता व सोडलेली उष्णता यांचे गुणोत्तर तेच दोन तापमानांचे गुणोत्तर ठरले.

काही समीक्षकांनी हा दोष नाकारण्याचा प्रयत्न केला आहे. कॅलरिक या शब्दाच्या जागी एन्ट्रॉपी वाचल्यास कार्नोचे विवेचन निर्दोष ठरते, असा पक्ष कॅलेंडर याने १९११ मध्ये मांडला. हा पक्ष आकर्षक आहे, परंतु ग्राह्य नाही. उष्णता व कॅलरिक हे शब्द आपण एकाच अर्थाने योजीत आहोत, असे कार्नो स्वतः सांगतो. शिवाय त्याच्या बंधूने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणांत कॅलरिकचा त्याग आढळतो, आणि एका किलोकॅलरीस सुमारे ३७० किलोग्रॅम-मीटर हा यांत्रिक तुल्यांकही आढळतो. आजचे मूल्य ४२७ आहे. ज्याने आपली चूक ओळखली, त्याच्या वतीने ती चूक नव्हतीच असा युक्तिवाद करणे हा त्याचा गौरव नव्हे.

मराठी वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. ‘उष्णतामान’ हा आपला रूढ शब्द, तापमान म्हणजे उष्णतेचे मोजमाप, असे सुचवितो. वस्तुतः वितळणाऱ्या बर्फास कितीही उष्णता दिली तरी ते पूर्ण वितळेपर्यंत त्याचे तापमान चढत नाही. प्रपातातील पाणी आणि प्रपाताची उंची यांत कार्नोने राखलेला भेद ध्यानी ठेवला, तर या शब्दाने होणारा घोटाळा टळतो.

१९५४ मध्ये पाण्याच्या त्रिक्-बिंदूस २७३.१६ केल्विन हे मूल्य देण्यात आले. २०१९ पासून केल्विनची व्याख्या बोल्ट्झमन स्थिरांकावर आधारलेली असून तेथे पाण्याचाही आधार उरलेला नाही. कार्नोचे कॅलरिक केव्हाच लोपले. मात्र माप पदार्थावर अवलंबून नसावे ही मागणी, जी त्याच्या सिद्धांतातून निघाली, ती अशा रीतीने पूर्णतेस गेली आहे. चुकीच्या उपपत्तीतही योग्य प्रश्न विचारण्याचे सामर्थ्य असू शकते, याचा याहून स्वच्छ पुरावा विज्ञानाच्या वाङ्मयात विरळाच.