व्हॅलिडेटर पास झाला, पुढे काय?

माझा एक मित्र पीएचडी प्रवेशाची माहिती शोधताना एका विद्यापीठाच्या वेबसाइटवर अडकला. त्याला दिसत नाही, तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. त्यात इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या लिंक्सची यादी मिळते. त्याला मिळालेली यादी अशी: येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा. अर्ज कुठला, अभ्यासक्रम कुठला, काही कळेना. मुख्य मेन्यू तर यादीत आलाच नाही.

मी ते पान डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरमध्ये टाकलं. एकही चूक नाही!

कारण साधं आहे. मेन्यू डिव्हचा बनवला होता आणि क्लिकचं काम जावास्क्रिप्टवर सोपवलं होतं. एचटीएमएलच्या व्याकरणात हे बसतं. पण असा डिव्ह ना लिंक असतो ना बटण, आणि टॅब दाबून तिथे पोचताही येत नाही. व्हॅलिडेटर व्याकरण तपासतो, अर्थ नाही. प्रश्नावलीची विश्वासार्हता काढून 'आता वैधताही झाली' म्हणणारे आपल्यातही आहेतच की.

गंमत म्हणजे सुगम्यतेचे नियमही इथे बदलत गेलेत. १९९९ च्या डब्ल्यूसीएजी १.० मध्ये शेजारच्या दोन लिंक्समध्ये एखादं छापील चिन्ह ठेवा, असा सल्ला होता. तोही 'तंत्रज्ञान सुधारेपर्यंत' अशा अटीसह. अट विसरली गेली, उभ्या रेघा राहिल्या. पुढे डब्ल्यूसीएजी २.० मध्ये मार्कअप नीट पार्स व्हावा असा ४.१.१ हा निकष आला, आणि २०२३ च्या २.२ आवृत्तीत तो कालबाह्य म्हणून काढलाही. सदोष मार्कअप आता ब्राउझरच सावरून घेतो, स्क्रीन रीडरला तो थेट वाचावा लागत नाही.

म्हणून वैध मार्कअप निरुपयोगी ठरत नाही. एकच आयडी दोनदा वापरला तर एरिया-लेबल्डबायचा संदर्भ चुकतो, तिथे व्हॅलिडेटर उपयोगी पडतो. पण तो पहिली पायरी आहे, निष्कर्ष नव्हे.

खरा उपाय जुनाच: नॅव्ह टॅग, त्यात यूएलची यादी, प्रत्येक एलआयमध्ये एचरेफ असलेला ए टॅग, आणि लिंकच्या मजकुरात ती कुठे नेते ते. 'पीएचडी प्रवेश अर्ज', बस. मेन्यू आहे म्हणून उत्साहाने एरियाचा 'मेन्यू' रोल मात्र लावू नका. तो सॉफ्टवेअरमधल्या मेन्यूंसाठी आहे, आणि तो लावला की वापरणारा बाणांच्या कीजची अपेक्षा करतो.

मित्राने शेवटी विभागात फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "वेबसाइटवर सगळं आहे."