घडविणारा आणि घडवून घेणारा : जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलेचे एक वाचन

जुन्या गोव्याची चर्चे आणि तेथील संग्रहालये मार्गदर्शकाबरोबर पाहण्याची प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. अशा फेरीत प्रेक्षक डोळ्यांनी जेवढे पाहतो, त्याहून अधिक तो कानांनी पाहतो. यास्तव फेरीचे निवेदन हीही एक संहिताच मानून तिची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत टिपणाचा प्रश्न मर्यादित आहे : या निवेदनात क्रियापदाचा कर्ता कोण असतो?

मराठी व्याकरणात ‘घडविणे’ आणि ‘घडवून घेणे’ यांत स्पष्ट भेद आहे. पहिल्यात हात कर्त्याचा, दुसऱ्यात केवळ इच्छा आणि द्रव्य त्याचे. फेरीतील निवेदन बहुधा दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता सांगते आणि पहिल्याचा गाळते. बॉम जेझस बॅसिलिकेतील सेंट फ्रान्सिस झेवियरचे स्मारक हे याचे ठळक उदाहरण होय. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराचा. तो तिसऱ्या कोसिमो मेदिचीने अर्पण केला व 1698 मध्ये येथे उभा राहिला. येथे दाता आणि शिल्पी या दोघांचीही नावे आपणांस मिळतात. याच चौथऱ्यावर विराजमान असलेली रुप्याची पेटिका त्याहून साठ वर्षे जुनी, 1636–37 मधील. संताचे चरित्र 32 फलकांतून कोरणारे तिचे कारागीर गोव्याचेच सोनार होते. तिच्या संदर्भात मास्त्रिल्ली या इटालियन जेझुइटाचे नाव सांगितले जाते, म्हणजे घडवून घेणाऱ्याचे. घडविणारे मात्र ‘स्थानिक कारागीर’ या सामूहिक नामात विरून जातात. एकाच स्मारकात वरचा कर्ता अनामिक आणि खालचा नामांकित, ही विषमता प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाही.

नावे उपलब्ध नसतील तर मार्गदर्शकाने ती आणावीत कोठून, असा आक्षेप संभवतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. परंतु अभावही सांगता येतो. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत, अशी मनाई सोळाव्या शतकात वारंवार करण्यात आली. व्याकरणकार एखादे रूप पुनःपुन्हा निषिद्ध ठरवितो, तेव्हा ते रूप प्रचारात असल्याचाच तो पुरावा असतो. येथेही तोच न्याय लावावा. अशी मनाई हे त्या अनामिक हातांचे एक अप्रत्यक्ष दप्तरच आहे.

दुसरा प्रश्न ‘इंडो-पोर्तुगीज’ या लेबलाचा. हा समास द्वंद्व की तत्पुरुष? द्वंद्व मानल्यास दोन्ही पदे समप्रधान. तत्पुरुष मानल्यास उत्तरपद प्रधान आणि भारत हे केवळ विशेषण. निवेदनात बोलताना द्वंद्व असते, समजावून देताना तत्पुरुष होतो.

तथापि उलट टोकाची चूकही टाळली पाहिजे. सतराव्या शतकातील गोव्याची हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’ मूर्ती पाहावी : गालाला हात लावून निद्रिस्त बाल येशू, खाली टेकडीचे टप्पे, त्यांवर मेंढरे, तळाशी गुहेत पहुडलेली मॅग्डालेन. ती पाहताच ‘हा तर बुद्ध’ किंवा ‘हा तर गोपाळकृष्ण’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण दोन भाषांतील दोन शब्दांचे ध्वनिसाम्य म्हणजे ऋणसंबंध नव्हे. शब्द कोणत्या वाटेने आला ते दाखवावे लागते. साम्य हा प्रश्नाचा आरंभ होय, उत्तर नव्हे.

या बाबतीत फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ (1616) मार्गदर्शक ठरावे. त्याने ओवी घेतली, ‘पुराण’ ही संज्ञा घेतली, ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. परंतु तेवढ्याने त्याचा ग्रंथ वैष्णव झाला नाही. शब्द जुना राहिला आणि संदर्भाने त्यास नवा अर्थ दिला. हस्तिदंतकाराची छिन्नीही अशीच चालली असावी. ज्या भूमीत हे काव्य रचले गेले, तिच्यातील कलावस्तूंचे वर्णन करावयास मराठीत शब्द नाहीत, असे मानण्याचे कारण नाही.

1994 मध्ये राशोल येथे स्थापन झालेले ख्रिस्ती कला संग्रहालय 2002 पासून जुन्या गोव्यात सांता मोनिका मठाच्या वास्तूत आहे. तेथे जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. ‘सोलापुरी चादर’ हे नाव गावाचे आहे. ती विणणाऱ्या तेलुगुभाषक पद्मशाली विणकराचा हात त्या नावात दिसत नाही. हे ज्यास घरच्या अनुभवाने ठाऊक आहे, त्याने लेबल वाचून थांबू नये. प्रत्येक वस्तूपुढे उभे राहून त्याने दोन प्रश्न विचारावेत : कोणी घडवून घेतले? आणि कोणी घडविले? दुसऱ्या प्रश्नास उत्तर न मिळाले, तर वहीत ती जागा रिकामी सोडावी. पहिल्याच्या उत्तराने ती भरू नये.