श्रद्धेची रोजकीर्द

आत्मचरित्र लिहावयास बसलेला मनुष्य आपल्या बालपणींच्या खोड्या सांगतो, गुरुजनांचे स्वभाव रंगवितो, क्वचित् आपल्या चुकांची कबुलीही देतो; परंतु आपणांस दरमहा किती रुपये मिळत होते, त्यांतले किती वाण्याकडे गेले, आणि महिनाअखेर कोणापुढें हात पसरावा लागला, हें तो सहसा सांगत नाहीं. पैशाची गोष्ट काढणें आमच्या पांढरपेशा घरांत अजूनही थोडेंसें असभ्यपणाचें समजलें जातें. वाण्याची वही फळीवर असते, आत्मचरित्र कपाटांत असतें, आणि दोहोंची गांठ पडूं नये अशी दक्षता आपण घेत असतों.

ख्रिस्ती भक्तांच्या आत्मकथनांत मात्र ही गांठ वारंवार पडते, व त्यास कारण आहे. येशूच्या दृष्टांतांत द्रव्य पदोपदीं भेटतें. हरवलेलें नाणें, धन्यानें चाकरांच्या हवालीं केलेली रक्कम, कोठारें वाढविणारा सधन शेतकरी, दानपेटींत पडलेल्या विधवेच्या दोन दमड्या, असे सारे दाखले घरांतून व बाजारांतून उचललेले आहेत. असे दाखले नित्य ऐकणाऱ्यास आपल्या मिळकतीचा जाब मनाशीं द्यावाच लागतो. आणि तो देतांना आपली स्वतःची किंमत काय, हा दुसरा प्रश्न आपोआप पुढें येतो. घेणारा मिंधा होतो काय? न मागणें ही श्रद्धा, कीं तोही एक अभिमानच? या प्रश्नांच्या अनुरोधानें आम्हीं अलीकडे तीन पुस्तकें लागोपाठ पुन्हां वाचलीं: जॉर्ज म्यूलर यांचें इंग्रजी ‘नॅरेटिव्ह’, पंडिता रमाबाईंची इंग्रजी ‘टेस्टिमनी’, आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’. तिहींची वाङ्मयीन योग्यता सारखी नाहीं, व तसा आव आम्ही आणणार नाहीं. परंतु एकीमागून एक वाचलीं असतां तीं परस्परांवर जो प्रकाश टाकतात तो एकेकटें वाचून पडत नाहीं.

म्यूलर हे जन्मानें प्रशियन. बाप सरकारी कर गोळा करणारा, आणि मुलगा त्याच सरकारी रकमेंतून पैसे चोरणारा. वयाच्या सोळाव्या वर्षीं खाणावळीचीं बिलें बुडविल्याबद्दल हा मुलगा तुरुंगांत गेला. हा सर्व वृत्तान्त त्यांनीं स्वतःच लिहून ठेविला आहे. पुढें वृत्ति पालटली, इंग्लंडांत येऊन ते डेव्हन परगण्यांतील एका लहानशा मंडळीचे उपदेशक झाले. आणि १८३० सालीं त्यांनीं ठरलेला पगार सोडला. सोडण्याचें कारण मोठें मार्मिक आहे. त्या काळीं तिकडे प्रार्थनामंदिरांतील बसण्याच्या जागा भाड्यानें देत. चांगल्या जागा पैसेवाल्यांच्या, उरलेल्या गरिबांच्या, आणि या भाड्यांतून उपदेशकाचा पगार निघे. जेथें देवाच्या घरींही दरिद्र्यानें मागें बसावें, त्या व्यवस्थेवर आपली भाकरी अवलंबून नसावी, असें त्यांस वाटलें. पगाराच्या जागीं मंदिरांत एक पेटी आली. थोड्याच दिवसांत घरांत आठ शिलिंग उरले, तेव्हां एका बाईनें पैशाची गरज आहे काय म्हणून विचारलें. आपली गरज आपण यापुढें देवासच सांगणार, असें म्यूलर यांनीं तिला उत्तर दिलें, आणि तरीही तिनें दोन गिनी हातावर ठेविल्या. १८३६ सालीं ब्रिस्टल येथें त्यांनीं अनाथगृह उघडलें. पुढें तेथें दोन हजारांवर मुलांची सोय झाली, तरी मनुष्याजवळ मागावयाचें नाहीं हा नियम कायम राहिला.

हें पुस्तक वाचणें सोपें नाहीं. आलेला प्रत्येक शिलिंग, प्रत्येक ताटली, सुऱ्याकांटे, एवढेंच काय एक किसणीसुद्धां त्यांत जमेस धरलेली आहे. वाङ्मय म्हणून पाहूं जातां तें कंटाळवाणें आहे, हें सांगून टाकलेलें बरें. पण कंटाळ्यांतूनच एक गोष्ट ध्यानांत येते. ज्यानें लहानपणीं बापाच्या पेटींत हात घातला, तो मोठेपणीं लोकांच्या पैनपैचा हिशेब लोकांपुढें मांडीत बसला आहे. पश्चात्तापाचें इतकें अबोल रूप आम्हांस दुसऱ्या कोणत्या चरित्रांत आढळलें नाहीं. आक्षेपकांनीं पूर्वींच विचारलें आहे कीं, दरवर्षीं अहवाल छापावयाचा व त्यांत आमच्याजवळ अमुक दिवशीं दमडी नव्हती असें सांगावयाचें, हें आडून मागणें नव्हे काय? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण १८४१ च्या डिसेंबरांत हात अत्यंत आंखडलेला असतां म्यूलर यांनीं नेमका त्याच वेळीं अहवाल व जाहीर सभा पुढें ढकलली, कारण ती वेळ साधली असतां तें मागणेंच ठरलें असतें. एवढी सूक्ष्म लाज ज्याच्या ठायीं आहे त्यास ढोंगी म्हणण्यास आमची लेखणी धजत नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. तो पुढें येईल.

पंडिता रमाबाईंनीं म्यूलर यांचें हें पुस्तक वाचलें होतें, व त्याचा आपणांवर झालेला परिणाम त्यांनींच नमूद केला आहे. जें ब्रिस्टल येथें घडलें तें हिंदुस्थानांत घडणार नाहीं काय, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहिला. ‘टेस्टिमनी’ १९०७ सालीं प्रसिद्ध झाली, व तिच्या पूर्ण नांवाचा अर्थच ‘आमच्या अक्षय ठेव्याची साक्ष’ असा आहे. ठेवा हा शब्द बाईंच्या तोंडीं येतो तेव्हां त्यामागें केवढा इतिहास आहे हें विसरतां कामा नये. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं होतें नव्हतें तें द्रव्य दानधर्मांत घालविलें. पुढें पुराण सांगावें आणि श्रोते जें ठेवतील त्यावर निर्वाह करावा, असें हें कुटुंब गांवोगांव हिंडत होतें. दक्षिणेंतल्या दुष्काळांत तेंही थांबलें. १८७४ सालीं आईबाप दोघेंही कांहीं आठवड्यांच्या अंतरानें वारलीं. बाईंनीं या दिवसांविषयीं जें लिहिलें आहे त्यांतील भुकेची वर्णनें सर्वांस आठवतात. आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची एक कबुली. भीक मागावयास अभिमान आडवा येत होता आणि अंगमेहनतीचें काम करावयासही तोच अभिमान आडवा येत होता. शास्त्र्याच्या घराण्यांतील माणसानें टोपली उचलावी हें कोणाच्या कल्पनेंतही नव्हतें. मरण डोळ्यांपुढें दिसूं लागल्यावर भाऊ श्रीनिवास मजुरीस तयार झाला.

येथें स्वाभिमान या शब्दाची खरी परीक्षा होते. आपल्याकडे हा शब्द नेहमीं गुणाच्या खात्यांत मांडला जातो. रमाबाईंच्या घरीं त्यानेंच माणसें उपाशी ठेविलीं. पुढील सारें आयुष्य म्हणजे या शब्दाचा अर्थ नव्यानें शिकण्याचा एक दीर्घ प्रयत्न होय, असें आम्हांस वाटतें. इंग्लंडांत १८८३ सालीं बाप्तिस्मा घेतल्यावर ज्या भगिनीसंघाचें अन्न त्या खात होत्या, त्या संघानें त्यांच्या श्रद्धेचीही देखरेख करावी हें त्यांस मान्य झालें नाहीं. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार ज्यांनीं वाचला असेल त्यांस हा झगडा ठाऊक आहे: एक पुरोहितशाही मोठ्या कष्टानें टाकून आल्यावर दुसरीचें जूं मानेवर घेणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर ही परावलंबी विधवा बेधडक देते. उपकार घ्यावा, पण त्याच्या मोबदल्यांत आपली सदसद्विवेकबुद्धि गहाण टाकूं नये. आश्रितानें हें म्हणणें सोपें नसतें; ज्यांनीं कोणाच्या घरीं राहून शिक्षण केलें आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. अमेरिकेंत बाईंनीं १८८७ सालीं स्वतःचें पुस्तक काढून पैसा उभा केला. बोस्टन येथील मंडळानें दहा वर्षांपुरती मदत कबूल केली. १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन निघालें. दहा वर्षांची मुदत भरत आली, आणि त्याच सुमारास १८९६-९७ च्या दुष्काळानें शेंकडों मुली त्यांच्या पदरांत टाकल्या. केडगांवचें ‘मुक्ति’ उभें राहिलें तें अशा वेळीं.

म्यूलर यांचा कित्ता बाई गिरवितात तो येथेंच. परंतु अक्षर त्यांचें स्वतःचें आहे. प्रार्थना करून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. केडगांवास शेती झाली, माग बसले, तेलाचा घाणा चालूं लागला, छापखाना निघाला. ज्या घरांत टोपली उचलण्यापेक्षां मरण बरें वाटत होतें, त्या घरच्या मुलीनें शेंकडों निराधार बायकांच्या हातांत धोटा, खुरपें आणि टाईप दिले. श्रद्धेनें मिळालेलें घ्यावें, आणि हातानें होईल तें करावें. यांतलें एकही दुसऱ्याची जागा घेत नाहीं. ‘टेस्टिमनी’चे दोष आम्हांस दिसत नाहींत असें नाहीं. आईबापांच्या धर्माविषयीं लिहितांना बाईंची लेखणी एकांगी व कठोर होते. ज्या पित्यानें लोकापवाद सोसून पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविलें, त्याच्या धर्मांत तें औदार्य कोठून आलें हें त्या विचारीत नाहींत. आणि विनोद तर औषधालाही नाहीं.

विनोदाची उणीव भरून काढावयास लक्ष्मीबाई आहेत. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झालीं. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर चिरंजीव देवदत्त यांनीं पुरा केला, व लेखणी बदलल्याचें तेथें लागलींच कळतें. या पुस्तकाची गोडी महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें एवढेंच कीं, हें मराठींतलें पैशाविषयींचेंही एक अव्वल पुस्तक आहे.

रेव्हरंड टिळकांच्या हातांत पैसा ठरत नसे. आलेला रुपया पहिल्या गरजवंताच्या हातीं जाई, नाहींतर मनांत भरलेल्या भलत्याच वस्तूवर खर्च होई. नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. शेवटीं १९१७ सालीं मिशनची नोकरीही सोडून ते साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरवावयास निघाले. घरीं पोरकीं मुलें येऊन वाढत. बालकवि ठोंबरेही कांहीं काळ त्याच घरचे होते. ही उदारता खरी होती, तिच्यामागें श्रद्धा होती, हें लक्ष्मीबाई एका शब्दानेंही नाकारीत नाहींत. परंतु दिलेला रुपया ज्या चुलीवरून उचलला गेला ती चूल त्यांची होती. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां ही बाई मागें राहिली, नातलगांच्या आश्रयानें पंढरपुरास राहिली, परत आली ती आपलें सोवळें सांभाळूनच आली, आणि १९०० च्या सुमारास पतीच्या धर्मांत गेली ती स्वतःच्या विचारानें. पतीचा देव त्यांनीं आपला मानला. पतीचा हिशेब मात्र अखेरपर्यंत मानला नाहीं. या दोन गोष्टींचा घोटाळा त्यांनीं कधीं होऊं दिला नाहीं, आणि त्यांच्या वाढीचें मर्म आम्हांस येथें दिसतें. आरंभींची भेदरलेली, अक्षरओळख नसलेली मुलगी हळूहळू घर चालविते, संस्थांचें काम अंगावर घेते, सभांतून बोलते, पतीचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ पुढें नेते. यांतल्या कोणत्याही पायरीवर ती आपला मोठेपणा सांगत नाहीं. तिनें सांगितलेली फजिती बहुधा तिची स्वतःचीच असते.

आमच्या संतचरित्रांकडे पाहिलें म्हणजे या पुस्तकाचें नवल अधिकच वाटतें. तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, ही कथा आपण लहानपणापासून भक्तिभावानें ऐकत आलों. त्यांची पत्नी जिजाई मात्र त्याच परंपरेंत कजाग म्हणून राहिली. दुष्काळांत पोरांच्या तोंडीं काय घालावें हा तिचा प्रश्न चरित्रकारांस भक्तीच्या आड येणारा वाटला. टिळक स्वतः तुकोबांचें ऋण मानीत, आणि त्यांच्या संसारांतही तोच प्रसंग पुन्हां आला. फरक एवढाच कीं या वेळीं घरांतली जिजाई लिहूं शकत होती. तिनें लिहिलें, आणि नवऱ्याचें संतपण रेसभरही कमी न होतां घरांतल्या बाईचा प्रश्न खरा ठरला. टिळकांवरील तिचें प्रेम प्रत्येक पानावर आहे. म्हणूनच तिच्या तक्रारीस वजन आहे.

म्यूलर यांच्या पुस्तकावरील आमचा आक्षेप आतां सांगतां येईल. पगार सोडण्याचा निश्चय त्यांनीं केला तो लग्नाच्याच महिन्यांत. पत्नी मेरी हिनें आनंदानें संमति दिली असें ते लिहितात, आणि तें खोटें असेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या सकाळीं घरांत आठ शिलिंग होते, त्या सकाळीं ते कशावर खर्चावयाचे हें कोणी ठरविलें? त्या जाडजूड ग्रंथांत देवाशीं झालेला सर्व व्यवहार आहे. स्वयंपाकघराशीं झालेला नाहीं. ‘स्मृतिचित्रें’ वाचून पुन्हां त्याकडे वळणाऱ्यास ही पोकळी जाणवल्यावांचून राहत नाहीं. मेरीबाई अनाथगृहाच्या हिशेबाच्या वह्या तपासीत असत, एवढें त्यांच्या पतीनेंच सांगितलें आहे. त्यांच्या स्वतःच्या हातची घरखर्चाची वही मात्र आम्हांस कोठें वाचावयास मिळालेली नाहीं.