आपली पात्रे कुणाची भाषा बोलतात?

मराठी कथा-कादंबऱ्यांत मुसलमान माणूस दिसत नाही, आणि दिसलाच तर तो दाढीवाला खलनायक असतो किंवा मालकासाठी जीव देणारा इमानी पठाण, अशी आपली जुनी तक्रार आहे. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे ही खंतही होती. तक्रार खरी आहे. पण आता आपण स्वतः लिहितो आहोत. तेव्हा आपल्या कथांतला मुसलमान तरी कसा बोलतो, हे आपणच एकदा तपासून पाहायला हवे.

आपल्यापैकी कुणाचीही कथा उघडा. त्यात बापाला ‘अब्बाजान’ म्हणतात. आई संकटात सापडली की ‘खुदा के वास्ते’ म्हणून पदर पसरते. तरुण मुलगी नकार देताना पानभर बोलते आणि त्यात दोनदा ‘हक’ हा शब्द येतो. ही भाषा आपल्या घरातली नाही, सिनेमातली आहे. सोलापूर-लातूर-नांदेडकडच्या आपल्या घरांत दखनी बोलतात. ‘मेरेकू नक्को’, ‘हौ’, ‘कायकू’, ‘आजच जाना’ असे आपले बोलणे. त्यातला ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आला आणि जोर देणारा ‘च’ही मराठीचाच. कोकणातल्या मुसलमानाची मुले उर्दू शाळेत शिकली, तरी घरातली बोली मराठी-कोकणीच्या कुळातली. म्हणजे मराठी आपल्या तोंडात आधीपासूनच आहे. तरी लिहायला बसलो की आपण तिला बाहेर काढतो. पात्राच्या तोंडी लखनौ घालतो आणि निवेदनाला पुण्याची इस्त्री करतो.

हा दोष मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. माझ्या हातून तो घडला आहे.

आमच्या गल्लीत एक खाला होती. गोधड्या शिवून पोट भरायची. तरुणपणी नवऱ्याने तलाक देऊन सोडलेली. मी कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा ती साठीला आलेली. संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसलो की ती सुईत दोरा ओवत बोलत राहायची. एकदा तिने नवरा गेला त्या दिवसाची हकिकत सांगितली. तो आपले कपडे, घड्याळ, सायकल घेऊन गेला. जाताना कूकरची शिट्टीही घेऊन गेला. खाला म्हणाली, ‘‘गया तो गया बाबा, कूकर की शिट्टी कायकू लेको गया?’’ आणि इतकी हसली की डोळ्यांत पाणी आले.

मी त्यावर कथा लिहिली. एका दिवाळी अंकात ती छापून आली, दोन-तीन पत्रेही आली. मी खूश होऊन अंक घेऊन खालाकडे गेलो. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मीच वाचून दाखवली. माझ्या कथेतली नायिका नवऱ्याला दारात अडवते आणि अन्याय, शरियत, स्त्रीची प्रतिष्ठा यांवर बोलते. खालाने सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, ‘‘अच्छा लिखा बाबा. पर मै ऐसा कब बोली?’’ थोड्या वेळाने विचारले, ‘‘शिट्टी का नै लिखा?’’

नव्हते लिहिले. शिट्टी मला क्षुल्लक वाटली होती. एवढ्या गंभीर विषयात कूकरची शिट्टी आणली तर वाचक हसेल, अशी भीती होती. आज कळते, की त्या माणसाचा सगळा स्वभाव त्या शिट्टीत होता. शिट्टीशिवाय कूकर निकामी, आणि नुसत्या शिट्टीचा त्याला काही उपयोग नाही. आपण गेल्यावर हिच्या घरात डाळही शिजू नये, एवढाच हेतू. खालाने एका वाक्यात जे सांगितले, ते मला चार पानांत जमले नव्हते. वर तिचे हसणेही मी काढून घेतले होते. माझ्या नायिकेला हसायची परवानगी नव्हती, कारण ती पीडित होती.

हे केवळ शैलीचे प्रकरण नाही. 1985च्या शहाबानो निकालापासून 2019च्या तलाकविरोधी कायद्यापर्यंत मुसलमान बाईच्या वतीने सगळे बोलले. मौलवी बोलले, पुढारी बोलले, सुधारक बोलले, टीव्हीवाले बोलले. ती स्वतः बोलली तेव्हा तिचे बोलणे कुणाच्या तरी बाजूचे ठरवून मगच ऐकले गेले. लेखकानेही तेच केले, तर तिने जायचे कुठे?

ज्यांनी लोकांचे बोलणे मनापासून ऐकले, त्यांच्याकडे पाहू. राही मासूम रझा यांची ‘आधा गाँव’ ही कादंबरी 1966 साली आली. गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौली या त्यांच्या स्वतःच्या गावची ही गोष्ट. त्यातले शिया जमीनदार भोजपुरीमिश्रित उर्दूत बोलतात, मोहरमच्या मजलिशीत रडतात आणि बाहेर येऊन शिव्याही देतात. त्या शिव्यांवरून पुष्कळ गदारोळ झाला. पात्रे जे बोलतात तेच मी लिहिणार, अशी रझांची भूमिका होती. याच रझांनी पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारत’ मालिकेचे संस्कृतप्रचुर संवाद लिहिले. भीष्माला भीष्माची भाषा आणि गंगौलीकराला गंगौलीची. अलिगढमध्ये पीएच.डी. झालेल्या या माणसाला भारदस्त उर्दू येत नव्हती, असे कोण म्हणेल? त्यांनी ती पात्रांवर लादली नाही.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ (1933) आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. हमीदजवळ तीन पैसे. बाकीची पोरे मातीचा शिपाई, भिश्ती, वकील घेतात आणि हा आजीसाठी चिमटा घेतो. मग चिमटा थोर की खेळणी, यावर पोरांचा जो वाद रंगतो, तो कुठल्याही गल्लीत ऐकायला मिळेल असा आहे. घरी आजी आधी रागावते. दिवसभर उपाशी राहून हे काय आणलेस, म्हणते. तव्यावर तुझी बोटे भाजतात, एवढेच पोराचे उत्तर. लमहीच्या या कायस्थ लेखकाला मुसलमान घरातले दारिद्र्य आणि माया यांसाठी याहून मोठे वाक्य लागले नाही.

आपल्या मराठीतले उदाहरण हमीद दलवाईंचे. त्यांच्या विचारांशी आपल्यातल्या अनेकांचे जमले नाही, आजही जमत नाही. तो वाद बाजूला ठेवून ‘इंधन’ (1965) वाचावी. निवेदक बऱ्याच वर्षांनी मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परततो. दलवाई स्वतः कडवे सुधारक. पाच वर्षांनी, 1970 साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांना निवेदकाच्या तोंडी भाषणे घालता आली असती. पण कादंबरीतला हा माणूस गावाला सुधारत नाही. तो पाहतो, ऐकतो आणि गाव पेटत जाते तेव्हा ते थांबवूही शकत नाही. सभेत बोलणारे दलवाई कादंबरीत ऐकणारे झाले, म्हणून ती कादंबरी टिकली.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, मराठी वाचकाला दखनी कळणार नाही. ‘नक्को’ ज्याला कळत नाही, असा मराठी वाचक मला अजून भेटायचा आहे. मराठी वाचकाने वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी पचवली, दखनीही पचवील. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नुसते बोलणे उतरवून काढले म्हणजे साहित्य होते का? होत नाही. खाला तासभर बोलायची. त्यात गुडघेदुखी असे, सुताचे वाढलेले भाव असत, शेजारणीची उणीदुणी असत. त्यातली शिट्टी नेमकी उचलणे हे लेखकाचे काम. पण ती उचलायची तर आधी तासभर बसावे लागते, आणि डोक्यातली कथा घराबाहेर चपलांसारखी काढून बसावे लागते. मी खालाकडे जाताना कथा घेऊनच गेलो होतो. तिच्याकडून मला फक्त दुजोरा हवा होता.

आपल्या नव्या लेखकांना एक सुचवावेसे वाटते. मशिदीबाहेरचा अत्तरवाला, एस.टी.त शेजारी बसलेली मणेरीण, दवाखान्याच्या रांगेतला हमाल यांच्याशी बोला, ते आहेतच. पण लिहून झाल्यावर, जमेल तेव्हा, ते त्यांना वाचून दाखवा. ‘मै ऐसा कब बोली?’ ही समीक्षा कुठल्याही समीक्षकाच्या लेखात मिळणार नाही.

खाला आता नाही. ती कथा माझ्या संग्रहात मी घेतली नाही. शिट्टीसकट ती पुन्हा लिहायची आहे, आणि या वेळी वाचून दाखवायला कुणी नाही.